बाईसाहेबांसाठी खाल्लेली बोलणी

तीर्थस्वरूप दादांना,

दोन्ही हात जोडून (आणि लिहिण्यापुरता उजवा सोडवून घेऊन) नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. सगळे म्हणजे मी, तुमची बहीण आणि बाईसाहेब. परवाच्या प्रकाराबद्दल तुमच्या कानावर कुठून ना कुठून काहीतरी येईलच, त्याआधी माझ्याकडून यावं म्हणून हे पत्र. तुमच्याइतका समंजस, मोठ्या मनाचा आणि (हे मला कुणी लिहायला लावलेलं नाही) सुरेल माणूस आपल्या दोन्ही घरांत दुसरा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तर बाईसाहेब म्हणजे शर्यतीची जातिवंत घोडी. शर्यतीच्या कार्डावर तिचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण तबेल्यात त्या नावाने तिला कुणी हाक मारत नाही. मी पैसे लावत नाही हे तुम्ही जाणताच. (रेसकोर्सवरच्या लोकांना ते पटत नाही. हॉटेलात नुसतं पाणी पिऊन उठणाऱ्याकडे वेटर जसा बघतो तसे ते माझ्याकडे बघतात.) मला ती पळताना बघायची असते, बस्स. सकाळी सरावाच्या वेळी कठड्याला टेकून दुर्बीण लावली की आपलं चष्म्याचं दुकान आहे आणि ते उघडायचंही असतं, याचा विसर पडतो. तिची आई, आजी, पणजी, खापरपणजी, सगळ्यांची नावं मला त्यांच्या पराक्रमांसकट तोंडपाठ आहेत. तुमच्या धाकट्या मावशींचं नाव मात्र मी त्यांच्याच तोंडावर चुकलो, आणि तो विषय आमच्या घरात अजून चालू आहे.

बाईसाहेब वाऱ्यासारख्या पळतात, पण पळायच्या आधी लोखंडी गेटच्या खणात शिरून उभं राहावं लागतं, ते त्यांना मंजूर नाही. चौघांनी मागून रेटलं, मोतद्दाराने लगाम धरून गयावया केली, तरी मान वर आणि पाय रोवलेले. गेल्या खेपेला शर्यत त्यांच्याशिवायच सुटली. पंचांनी बजावलं की आणखी एकदा असं झालं तर कायमची बंदी. मालक म्हणाला की बंदी आली तर विकून मोकळा होतो, नेईल त्याने न्यावी. दादा, खरं सांगतो, त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना. एवढी देखणी चाल, आणि ती कुणाच्या तरी गाडीला जुंपली जाणार!

अशातच एका सकाळी मी घाईत तुमच्या बहिणीचा चष्मा खिशात घालून निघालो. (चष्म्याच्या दुकानदाराने बायकोचा चष्मा पळवावा, यावर तिने जे ऐकवलं ते सोडून देतो.) ती रिक्षा करून, विचारत विचारत थेट सराव चालला होता तिथे पोचली. गेटपाशी बाईसाहेबांची नेहमीची ओढाताण चालली होती. चष्मा नसल्यामुळे तुमच्या बहिणीने समोरच्या टोपीवाल्याला मीच समजून तोंड सोडलं. तो ट्रेनर होता. भला माणूस, निम्मी बोलणी होईपर्यंत टोपी काढून खाली मान घालून उभा राहिला, म्हणाला, काही चुकलं असेल माझं. चूक कळल्यावर उरलेली निम्मी माझ्या वाट्याला आली. आणि तेवढ्यात मोतद्दार ओरडला. बाईसाहेब कान टवकारून, एकेक पाऊल टाकत, सासुरवाशिणीसारख्या खाली मान घालून गेटमध्ये शिरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ट्रेनर आमच्या दुकानात हजर. तुमच्या बहिणीला म्हणाला, वहिनी, पुढच्या शर्यतीपर्यंत रोज सकाळी या आणि यांना झापा, एवढीच विनंती. तुमची बहीण म्हणाली, त्यासाठी एवढं लांब कशाला यायचं? पण आली. आता पंचाईत अशी की रोज झापायचं तर रोज काहीतरी चुकायला हवं. सुरुवातीला माझा नैसर्गिक साठा पुरला: दुधाची पिशवी उन्हात विसरलो, विजेचं बिल राहिलं, ओला टॉवेल गादीवर टाकला. पुढे मात्र डोकं खाजवून चुका शोधाव्या लागल्या. एकदा मी काहीच केलेलं नव्हतं आणि ती केवळ शब्द दिलाय म्हणून बोलत होती, तेव्हा बाईसाहेबांनी लाथ मारून बादली कुंपणापार घालवली. ट्रेनरचं ठाम मत पडलं की घोडीला खोटा राग कळतो.

आणि उजाडला शर्यतीचा दिवस. नेमकी तुमची बहीण कमालीची खुशीत! नव्या फ्रेमचा चष्मा तिला शोभतो असं मालकाच्या पत्नीने म्हटलं होतं. गेट आमच्या कठड्याच्या समोरच. बाकीचे घोडे शिरले, बाईसाहेब अडल्या. पंचांनी घड्याळ बघितलं. मोतद्दार रडकुंडीला आला. ट्रेनर माझ्याकडे बघायला लागला. मी तुमच्या बहिणीच्या पायावर मुद्दाम पाय दिला, तर ती म्हणाली, असू दे हो, गर्दीच आहे. मी मावशींचं नाव पुन्हा चुकीचं घेतलं, ती हसली! माझ्या डोळ्यांपुढे ती गाडी आली, ते जू आलं, आणि दादा, माझ्या तोंडून चारचौघांत मोठ्याने निघून गेलं की तुझा दादा गायला लागला की पाहुणे चपला शोधायला लागतात.

त्यानंतर जे झालं ते अर्ध्या रेसकोर्सने ऐकलं. तुमच्यावरचं तिचं प्रेम पाहून माझा ऊर भरून आला, वर बघायची मात्र सोय नव्हती. बाईसाहेब मुकाट्याने आत शिरल्या, गेट उघडलं, आणि कशा पळाल्या म्हणून सांगू! फक्त मानेच्या अंतराने दुसऱ्या आल्या. मोतद्दाराने मला मिठी मारली, मालकाने विकायची भाषा मागे घेतली, आणि मी कठड्याला धरून लहान पोरासारखा रडलो. हे सगळं तुमच्यामुळे झालं. जे बोललो ते मनापासून नव्हतं, तेव्हा राग मानू नये. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमच्या गाण्याचा निस्सीम चाहता,
तुमचा मेव्हणा

ता. क. वर राग मानू नये असं लिहिलंय खरं, पण महिन्याभरात मोसमातली सगळ्यात मोठी शर्यत आहे आणि बाईसाहेब तीत आहेत. तेव्हा एवढी एक कृपा करा, तोपर्यंत मला माफ करू नका. तुम्ही माफ केलंत की तीही करते.

ता. क. २. सरावासाठी तुमच्या गाडी चालवण्याबद्दल आणि पोटाबद्दल थोडं बोललो तर चालेल ना? उत्तर आलं नाही तर परवानगी समजेन.

ता. क. ३. (हे अक्षर माझं, तुझ्या बहिणीचं आहे, दादा. पाकीट यांनी चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं.) वाचलं सगळं. मला त्या दिवशी राग आलाच नव्हता. तुझ्या गाण्याबद्दल ते बोलले ते खरंच आहे, त्यात रागवायचं काय? पण घोडी माझ्या आवाजाची वाट बघत थांबली होती, मग बोलले. बादलीच्या दिवशी तिच्या पायाजवळ बादली होती, एवढंच. आता राग नको, ओळखीचा आवाज पुरतो हे यांना कळलं तर म्हणतील, बरं, तू घरी बस, बाईसाहेबांना मी नुसतीच हाक मारतो. म्हणून तू यांना रागाचं चांगलं लांबलचक पत्र लिही. ती सकाळी पळताना एकदा बघ, म्हणजे मी का लिहितेय ते तुला कळेल.