लाल फुली मारलेलं तिकीट

काळेवाडी,
मंगळवार, जेवणं उरकल्यावर

श्री. गोरक्ष दाजी यांस हिंदुरावचा नमस्कार (किंवा आशीर्वाद, जो चालेल तो ठेवून घ्या).

मायन्यातच अर्धा तास गेला. वयानं तुम्ही धाकटे म्हणून 'चि.' लिहायला घेतलं, तर आमची विमल म्हणाली, जावयाला कोणी चिरंजीव म्हणतं का. 'ती.' लिहावं तर तुम्हाला टोमणा वाटेल. शेवटी 'श्री.'वर तडजोड झाली. तुमची, आमच्या पुनमची आणि म्हशींची तब्येत ठणठणीत असेल अशी आशा करतो. इकडं माझा गुडघा सोडला तर सगळं क्षेम. सात वर्षांनी मेव्हण्याचं पत्र आणि तेही टपालानं, याचं नवल वाटून घेऊ नका. व्हॉट्सॲपवर तुम्ही मला ब्लॉक केलंय (तो तुमचा हक्क आहे, तक्रार नाही) आणि माणला तुमच्या दारात यायचा धीर होत नाही.

तर दाजी, मला लॉटरी लागलीय. राज्य लॉटरी, पाच लाख. वाक्य परत वाचा, मीही लिहून झाल्यावर परत वाचलं. निगडीच्या बस स्टॅंडवर कंडक्टर पाचशेची नोट घेईना, म्हणून सुट्टे करायला शेजारच्या टपरीवरनं तिकीट घेतलं होतं. लॉटरीवर माझा कधीच भरवसा नव्हता, पण सुट्ट्या पैशांशिवाय बस कुठली मिळायला.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. चाकणच्या कंपनीत मी चोवीस वर्षं इन्स्पेक्शनला. पार्ट मापात बसला नाही की लाल मार्करनं फुली, खाली 'रिजेक्ट', बाजूला सही आणि तारीख (तारखेशिवाय फुली आमच्यात धरत नाहीत). हात इतका बसलाय की घरी आल्यावरही थांबत नाही. गळकी बादली, खवट शेंगदाण्यांची बरणी, विमलच्या मावसभावानं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ, सगळ्यांवर फुल्या. सोसायटीच्या नोटिशीवर मारली तेव्हा सेक्रेटरी तीन महिने बोलत नव्हता. तर त्या दिवशी पेपरात निकाल बघितला, नंबर जुळला नाही, आणि तिकिटावर फुली, रिजेक्ट, सही, तारीख. मी बघत होतो तो निकाल दुसऱ्याच सोडतीचा होता.

पण रिजेक्ट माल लगेच फेकायचा नाही, लाल डब्यात ठेवून आठवड्यानं फेरतपासणी करायची, असा कंपनीचा नियम आहे, आणि म्हणून आमच्या घरातही लाल डबा आहे (विमल त्याला माझं देवघर म्हणते). गेल्या महिन्यात एका शनिवारी डबा उपसताना तिनं तिकीट उचललं आणि मला न विचारता टपरीवाल्याला दाखवलं. त्यानं यादी दोनदा बघितली आणि तिला बसायला स्टूल दिलं. स्टूल दिलं तेव्हाच ती समजली. मला कळलं तेव्हा मी बनियनवर होतो, तसाच चौकात जाऊन किलोभर पेढे बांधून घेतले, आणि पैसे देताना लक्षात आलं की खिसा शर्टाला असतो. विमल हसली, रडली, परत हसली. कंपनीच्या कॅन्टीनात बावीस वर्षं ती दुसऱ्यांच्या चपात्या लाटतेय. तिला स्वतःची पिठाची गिरणी टाकायचीय, आणि माझ्या पगारात ती कधी बसली नाही. मग मी तिकीट उजेडात धरलं आणि हातातला पेढा परत पुड्यात ठेवला. फुली बरोब्बर नंबरावरनं गेलेली.

शेजारचा सुजित पेंटर आहे, तो थिनरची बाटली घेऊन धावत आला. थेंब पडायच्या आत विमलनं तिकीट हिसकावून कपाटात घातलं आणि किल्ली पदराला बांधली. बक्षीस मागायचं म्हणजे नुसतं हात पसरून चालत नाही. तिकिटाच्या मागं नाव, पत्ता, सही. मग अर्ज, आधार, पॅन, फोटो आणि बँकेचा रद्द केलेला चेक (रद्द केलेला चेक चालतो आणि रद्द केलेल्या तिकिटाला हरकत, हा न्याय मला अजून पटलेला नाही). अर्जात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्यांना मी लाल गोल केला. विमलनं दुसरा अर्ज आणला आणि मार्कर काढून घेतला.

मुंबईला लॉटरीच्या कचेरीत आम्ही दोघं गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, हे तिकीट रद्द कोणी केलं. मीच, म्हणालो. कोणत्या अधिकारात? म्हणालो, सीनियर इन्स्पेक्टर, चाकण. बाई एकदम उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं पोलीस. खुलासा होईपर्यंत चहा आला होता, तो मी पिऊन घेतला. नापास माल पास करायचा तर आमच्यात साहेबाच्या सहीचा कागद लागतो, तो मी मॅनेजरकडून आणलेलाच होता. 'सदर तिकीट तपासणीत चुकून नापास झाले असून वापरण्यास योग्य आहे.' बाई तो घेऊन आत गेल्या आणि आतून बराच वेळ हसण्याचे आवाज येत राहिले. मग निरोप आला की फुली तुमचीच आणि ती तुमची सवयच, असा एखादा जुना लेखी पुरावा आणा. मुदतीला अकरा दिवस उरलेत. बादलीवरची फुली पुसली गेली, बरणी फुटली, घड्याळ मावसभाव परत घेऊन गेला, नोटीस सेक्रेटरीनं फाडली आणि कंपनीतला माल केव्हाच भट्टीत वितळला. पुरावा मिळाला नाही तर गिरणी गेलीच म्हणायची.

बाकी ठीक. पुनमला माझी आठवण सांगा, ऐकून घेतली तर.

तुमचा,
हिंदुराव

ता. क. तसला पुरावा एकच उरलाय आणि तो तुमच्याकडं आहे. बहिणीला स्थळ म्हणून तुमचा बायोडेटा आला तेव्हा मी त्यावर 'नोकरी नाही, नुसत्या म्हशी' असा शेरा मारला, फुली मारली, सही केली आणि तसाच तुमच्या वडिलांना परत पाठवला. पुनमनं तरी तुमच्याशीच लग्न केलं, आणि तो कागद तुम्ही फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय असं ऐकतो. तेवढा द्या.

ता. क. २. पोस्टानं नको, काच फुटेल. दोघांनी घेऊन या. त्या कागदाची फेरतपासणी मी सात वर्षं लांबवली. शेरा चूक होता, दाजी. चूक तपासणाऱ्याची होती, मालाची नव्हती (माल म्हणालो त्याची माफी वेगळी).

ता. क. ३. भावजी, मी विमल. पाकीट चिकटवायला मला दिलंय म्हनून गुपचूप लिवते. पुरावा-बिरावा काय लागत न्हाई. साहेबाचा कागद बघून त्यांनी तिकीट त्याच दिवशी घेतलं, पैसं बी कालच बँकेत जमा झालं. अकरा दिवसांनी मुदत न्हाई, गिरणीची पूजा हाय. पहिलं दळण वन्सांच्या हातचं पायजे. सरळ या म्हनायला यांची जीभ रेटत न्हाई. रोज सकाळी माणची बस सुटते तिथवर जात्यात, बस गेली की भाजीला गेल्तो असं दावायला एक भोपळा घेऊन परत येत्यात. आठ भोपळं झालं, आता तरी या.