ह्यांचं आफ्रिकन झाड

७ मार्च
क्रिमेटोरियममध्ये ह्यांच्या शवपेटीपुढे पडदा सरकला आणि माझ्या तोंडून गेलं, "या हं लवकर." चाळीस वर्षं हे कामाला निघाले की मी रोज म्हणायचे, जीभ वळलीच तशी. शेजारच्या मालतीताईंनी दंड धरला. "अगं, गेलेल्या माणसाला 'या' म्हणतात का!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० मार्च
कॉन्झर्व्हेटरीतलं, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीतलं, ह्यांचं झाड पांढऱ्या फुलांनी लगडलंय. तिकडे आफ्रिकेत म्हणे जंगलात उगवतं, इथे लाड करून घेतं. सकाळी सातला, चहाचा कप हातात, हे एका फुलाला बोट लावायचे. आतले केसर हळूच पसरायचे. "बघ, ओळखतं मला!" मी म्हणायचे, पुरे कौतुक.
आज सातला मी तिथे गेले. खालचं एक फूल आधीच पसरलेलं. बाकी सगळी मिटून.

१३ मार्च
परत तेच फूल, सातलाच. खिडक्या बंद. केतकीला फोन केला. "आई, ड्राफ्ट असेल, फटीतून वारा येत असेल. बाबाचा झाड सेन्सिटिव्ह आहे." लेक केंब्रिजमध्ये बसून निदान करते.

२१ मार्च
घर विकलं. २ एप्रिलला केतकीच्या फ्लॅटवर जायचंय. झाड छताला टेकलंय, नेता येत नाही. नवे लोक तोडणार. मालतीताई म्हणाल्या, "तूच बोलावलंस, आता तूच 'जा' म्हण." काहीतरीच! पण 'जा' नाही म्हटलं तर हे इथेच राहणार, करवत येईपर्यंत.

२८ मार्च
सातला हात मागे बांधून झाडापुढे उभी होते. माझ्या डोळ्यांदेखत केसर पसरले. घाबरले. बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

२ एप्रिल, केंब्रिज
सकाळी जुन्या घरी सात वाजून गेले, एकही फूल हललं नाही. तरी म्हटलं, "जा आता. सुखानं जा, अहो." कुलूप लावताना रडू आवरेना.
काल रात्रीच न्यायला आलेल्या केतकीने गाडीत माझ्या मांडीवर जॅमची बरणी ठेवली. "सरप्राइज! बाबाच्या झाडाचा कटिंग." एक फांदी, एक मिटलेलं फूल.
"कधी कापलीस?"
"सिक्सला, तू आंघोळीला होतीस. त्याला म्हटलं, चल बाबा, आमच्याकडे."
म्हणजे सातला मी 'जा' म्हटलं ते कोणाला?
बरणी किचनच्या खिडकीत ठेवलीय. उद्या सातच्या चहासाठी कप दोन काढून ठेवलेत.