अभिमान झालाय

काश्मीर आघाडी,
दि. ५ ऑक्टोबर १९४८

चि. सौ. शकुनला अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. पायमोजे तेवढे खुशाल नाहीत. इथल्या थंडीत ते वाळत नाहीत, नुसते ताठ होतात. या उंचीवर डाळ शिजत नाही आणि आमचा आचारी ते रोज नव्यानं सांगतो. परवा गोळाबार थांबला म्हणून चहासाठी खंदकाबाहेर आलो, तर रसदीच्या खेचरानं साखरेचं पोतं दरीत टाकलेलं. शिव्या कोणाला द्यायच्या यावरच वाद!

आता मुख्य बातमी. दिवाळीत तुकडीतल्या एकालाच रजा होती आणि ती माझी होती. पण आमच्या गुरुदत्तची आई तिकडे कलकत्त्याजवळ बजबजला अंथरुणाला खिळली आहे. मन तयार होईना; धाकटी शारदा दहा महिन्यांची झाली, मी तिला अजून पाहिलेलं नाही. तेवढ्यात थोरल्या हेमाचं पत्र आलं, की आईला तुमचा फार अभिमान झालाय. सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि रजा गुरुदत्तला दिली. जिला एवढा अभिमान, तिला एक दिवाळी जड नाही. हेमाला मात्र शिकव, अभिमान 'वाटतो', 'होत' नाही.

मुलींना पापा. लोभ आहेच, तो वाढावा.

रघुनाथ

बागबाजार, कलकत्ता,
दि. १६ ऑक्टोबर

हेमाच्या बाबांना सा. न. वि. वि.

काय म्हणावं तुम्हाला! कपाळाला लावलेला हात अजून खाली आलेला नाही. तुमची लेक बंगाली शाळेत जाते, निम्मं मराठी शेजारणींकडून आणते. बंगालीत अभिमान म्हणजे रुसवा हो, आपल्याच माणसावर धरलेला! लागोपाठच्या पत्रांत तुम्ही सायकलला तेल घातलं का विचारता. शारदाला दात आले का, हे एका ओळीतही नाही. हेमाला म्हटलं, लिही, आई रुसली आहे. तिला मराठी शब्द आठवेना, तिनं आपला बंगालीतला घातला. आणि तुम्ही तो खंदकात वाचून दाखवलात!

साहेबांना सांगा, भाषेची चूक झाली. रजा परत घ्या.

रागावलेली, तरी तुमचीच,
शकुन

काश्मीर आघाडी,
दि. २६ ऑक्टोबर

चि. सौ. शकुनला अ. आ.

साहेबांना सांगितलं. ते पोट धरून हसले. पण गुरुदत्त केव्हाच निघून गेला. आता सगळी तुकडी विचारते, वहिनींचा अभिमान उतरला का? जीव नकोसा केलाय. सायकल गंजू दे. शारदाला दात आले का?

तुझ्या लोभाची वाट पाहणारा,
रघुनाथ

बागबाजार, कलकत्ता,
दि. ८ नोव्हेंबर

हेमाच्या बाबांना सा. न. वि. वि.

आज गुरुदत्तभाऊजी येऊन गेले. त्यांच्या आईनं त्यांना ओळखलं, त्यांच्या हातून दोन चमचे पेज घेतली आणि दुसऱ्या दिवशी गेली. रजा संपली म्हणून सुतकातच परत निघालेत. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, पाणीही घेईनात. शारदानं तुमच्या फोटोतली वर्दी ओळखली आणि हात पुढे केले. सुतक म्हणून ते मागे सरले. मीच तिला त्यांच्या कडेवर दिली. मग ते रडले, आणि मीही.

त्यांच्याबरोबर पायमोजे पाठवलेत. शारदाला चार दात आलेत.

मला तुमचा अभिमान आहे. कोणता, ते येऊन विचारा.

शकुन