घाबरटांची घोडी

८ मार्च, शनिवार

घोड्यावर बसले. मी! सेहेचाळिसाव्या वर्षी, ऑफिसच्या पँटमध्ये!

गेले होते एकताचं हेल्मेट आणि बूट देऊन टाकायला. चौदा महिने कपाटात पडून होते. ती पडली तेव्हापासून घरात 'घोडा' हा शब्द कुणी काढत नाही. इथे सिंगापुरात बुकित तिमाहच्या बाजूला एका तबेल्यात जुनं सामान घेतात असं कळलं – ती शिकायची तो नव्हे, दुसरा.

तिथे मिसेस लिम भेटल्या. वय अडुसष्ट, खुब्यात धातूचा सांधा. बूट हातात घेऊन म्हणाल्या, "मुलीने सोडलं?" हो म्हटलं. "आणि तू?" म्हटलं, मी कधी बसलेच नाही, मला भीती वाटते. बोलून गेले आणि मलाच नवल वाटलं. इतक्या वर्षांच्या संसारात नरेशलासुद्धा हे कधी सांगितलेलं नाही.

मग त्यांनी त्यांची घोडी दाखवली. नाव नेली. हाफलिंगर – ऑस्ट्रियाकडच्या डोंगरातली जात. बुटकी, माझ्या हनुवटीएवढी. गुळाच्या पाकाचा रंग आणि पांढरीशुभ्र आयाळ डोळ्यांवर आलेली. "रेसचा घोडा आधी घाबरतो, मग विचार करतो. ही आधी विचार करते, लाह. मग बहुतेक वेळा घाबरायचं विसरून जाते." इथल्या सगळ्यांसारखं वाक्याला 'लाह'चं शेपूट.

दहा मिनिटं बसले. ती चालली, मी आयाळ धरून. बस्स.

टॅम्पिनीसला घरी परत येईपर्यंत एमआरटीच्या गाडीत पँटवरचे केस वेचत होते. नरेशला सांगितलं, ऑफिसचं काम निघालं.

१५ मार्च, शनिवार

परत गेले. परत थाप मारून.

साठेक घोड्यांत हाफलिंगर चारच. त्यांचे मालक आणि वाटेकरी मिळून आम्ही सात-आठ जण – 'आम्ही' म्हणतेय, बघ! यातले उल्हास कांबळे मराठी. मूळचे कोल्हापूरचे, इथे युनिव्हर्सिटीत संशोधन करतात. चांगले धिप्पाड गृहस्थ. "ताई, बाकीचे घोडे मला बघून तोंड फिरवतात. हे बेटे डोंगरात ओझी वाहिलेले, कुरकुरत नाहीत." मिसेस लिमना खुब्यामुळे उंच घोड्यावर चढता येत नाही. प्रत्येकाचं काहीतरी मोडलेलं किंवा जड झालेलं. स्पर्धेत कुणालाच जायचं नाही. या घोड्यांच्या पाठी पाटासारख्या रुंद, साधं खोगीर बसतच नाही, म्हणून दोन रुंद खोगिरं सगळ्यांत मिळून फिरतात. कुणी कुएह – इथल्या तांदळाच्या गोड वड्या – आणतं, कुणी कॉफी. मी पुढच्या शनिवारपासून चिवडा आणणार.

आणि एक पद्धत. चढण्याआधी मिसेस लिम प्रत्येकाला विचारतात – भीती किती? दहापैकी? आणि मोठमोठी माणसं चक्क आकडा सांगतात! उल्हास म्हणाले, चार. मी म्हणाले, तीन. खरं म्हणजे सहा होती.

५ एप्रिल, शनिवार

आज खरं सांगितलं. सात.

आज दुडकी चाल शिकायची होती. मला वाटलं त्या म्हणतील, चढ, पंधरा मिनिटांत जाईल भीती. त्या म्हणाल्या, "सात? मग आज बसायचं नाही. खरारा कर."

एवढंच. कुणी हसलं नाही. ब्रश हातात दिला.

एकता त्या दिवशी टॅक्सीतून उतरताना म्हणाली होती, "आई, आज नको ना." मी म्हणाले, "चढलीस की पंधरा मिनिटांत जाते भीती. चल." त्या उंच, रेसमधून आलेल्या घोड्यावर मीच तिला चढवलं. वीस मिनिटांनी ती वाळूत पडलेली होती. मनगट मोडलं. तेरा वर्षांची होती.

नेलीच्या मानेला तोंड लावून रडले. ती माझ्या खिशातलं केळं शोधत राहिली.

१२ एप्रिल, शनिवार

दुडकी जमली! चार पावलं! तेवढ्यात नेलीला कुंपणाजवळ गवत दिसलं आणि आमची दुडकी संपली.

१३ एप्रिल, रविवार

बिंग फुटलं.

बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता. वंदना झाली, भाषणं झाली, जेवणाच्या रांगेत मागून आवाज – "जयभीम ताई! नेलीची कालची दुडकी झकास होती!" उल्हास! सिंगापुरात इतकी माणसं, पण यांना माझ्याच मागे उभं राहायचं होतं.

नरेश म्हणाला, "कोण नेली?"

उल्हासनी मोठ्या कौतुकाने सगळं सांगितलं. फोनवर माझा फोटोसुद्धा दाखवला. नरेशचा चेहरा बघवेना. एकताने ताट टेबलावर ठेवलं आणि बाहेर निघून गेली.

घरी आल्यावर नरेश ओरडला नाही. ते जास्त लागलं. "एवढे शनिवार खोटं बोललीस, अंजू. आणि पडली असतीस तर? कुणाला माहीत होतं तू कुठे आहेस?" बरोबर आहे त्याचं.

एकताची खोली बंद.

१५ एप्रिल, मंगळवार

तिच्या खोलीत गेले. पाठ करून गेले होते, सगळं विसरले. म्हटलं, तू 'नको' म्हणाली होतीस. मी ऐकलं नाही. माझ्यामुळे पडलीस.

ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "इट्स ओके लाह, आई. ड्रॉप इट."

ओके नाहीये. मला कळतं तेवढं.

२० एप्रिल, रविवार

नरेशशी बोलणं सुरळीत. अट एकच – निघताना आणि परतताना फोन करायचा. श्वास मोकळा झाला. खोटं बोलण्याचं केवढं ओझं होतं!

२६ एप्रिल, शनिवार

सकाळी सहाला दार उघडते तर एकता चपला घालून उभी. "आय जस्ट वॉन्ट टू सी." रस्ताभर कानात इअरफोन.

मिसेस लिमनी तिलाही विचारलं. एकता म्हणाली, "नऊ."

"बरं. तिकडे पंखा आहे. बस."

बसली. तासाभराने पाहते तर नेलीच्या शेपटीतला गुंता सोडवत होती. नेली तिच्या हुडीची नाडी चघळतेय, उल्हास तिला चिवडा देतायत, आणि ती हसतेय! मी लांबच थांबले. गेले असते तर काहीतरी बोलून घालवलं असतं.

१० मे, शनिवार

काय दिवस!

मी दुडकीवर होते. एकदम वारा सुटला आणि शेडवरची ताडपत्री सुटून आमच्यासमोर येऊन आदळली – फाड्! शेजारच्या मैदानातला एक उंच घोडा उधळला. नेली जागेवर थांबली. कान पुढे. ताडपत्रीकडे बघितलं, फुर्रर्र केलं, आणि मान खाली घालून हुंगायला लागली – खायची आहे का म्हणून! माझा एक पाय रिकिबीतून निसटलेला, आयाळ दोन्ही मुठींत, पण मी वरच!

तोवर एकता कुंपणाखालून आत. "आई! आई!" लगाम धरला. मी उतरले तशी तिने मला घट्ट धरलं आणि हमसाहमशी रडायला लागली. सोळा महिन्यांत, प्लास्टर घालतानासुद्धा रडली नव्हती. मिसेस लिम नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता माझी भीती आठ. कॉफी पिऊ या."

सगळे प्यायलो. कुणालाही काही झालं नाही. कुणालाही!

१२ मे, सोमवार. वेसाक (बुद्धपौर्णिमा)

सुट्टी. सकाळी खीर ढवळत होते. एकता ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, मराठीत म्हणाली –

"आई, मी तेव्हा पडले नव्हते. घोडा नीट चालत होता. मीच रिकिबीतून पाय काढले आणि अंग सोडून दिलं. हात मोडेल असं नव्हतं वाटलं. मला फक्त घरी यायचं होतं."

मी गॅस बंद केला.

"आणि मला परत नाही बसायचं. कधीच. नेलीवर पण नाही."

"बरं," म्हटलं.

"बरं?"

"बरं."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.