तरंगलेलं धान

प्रिय खुशाल,

तुझं पत्र पोचलं. जेलात सतरंजी विणायला शिकलास, चांगल्या वागणुकीची माफी मिळाली, पुढच्या महिन्यात सुटतोस, हे वाचून मी रडले. आनंदानं रडले असं तुला वाटत असेल तर वाटू दे. जेलवाले कैद्यांची पत्रं वाचतात म्हणे. वाचू देत बिचारे, त्यांनाही काही कळेल.

इकडे बांधीतलं धान कापून झालं, खळ्यावर चुरणं सुरू आहे. तुझे बाबा गेल्यापासून बांधी एकटीच पाहते. चंद्रपूरच्या कोर्टात जजसाहेब म्हणाले होते की पुन्हा कुणाची हिंमत होऊ नये म्हणून ही शिक्षा. तेव्हा मला ते पटलं होतं. पण धाक बसला कुणाला रे? तुझं नाव निघालं की पोरांची छाती फुगते. ‘खुशालभाऊनं गाव वाचवलं,’ म्हणतात. गोवरानं लेकरं गेली, पत्रू जाणत्यानं एकेकीचं नाव घेत पाण्यात धान टाकलं, रंभाबाईच्या नावाचे दाणे तरंगले म्हणून ती करणी करणारी ठरली, आणि तू काठी उचललीस. अरे, पोचट दाणा तरंगतोच! दर वर्षी बियाणं पाण्यात टाकून आपण वरचं फेकून देतो ना? ते तू लहानपणापासून केलंस. जिनं तुझी नाळ कापली तिच्या वेळी मात्र विसरलास.

मी तुझ्या मुलाखतीला आले तेव्हा जेलरसाहेब समजावत होते की शिक्षा सूड उगवायला नसते, माणूस सुधारावा म्हणून असते. भला माणूस. पण तुझ्या एकाही पत्रात रंभाबाईचं नाव नाही. ‘माझी चूक झाली’ असं लिहितोस. कोणती चूक? तिला मारलंस ती, की सापडलास ती? इतकी वर्षं हा प्रश्न गिळून बसले होते, आज विचारते.

तू आत बसलास त्यानं रंभाबाईच्या लेकीच्या, मंगलीच्या घरात काय आलं? काहीच नाही. म्हणून दर पावसाळ्यात तिच्या धानाची रोवणी मी करून देते. पहिल्या वर्षी तिनं शेताच्या धुऱ्यावरून हाकलून लावलं. मी पुन्हा गेले. मग तिनं हाकलणं सोडलं. यंदा तिनं शिदोरीतला भात माझ्यापुढे सरकवला आणि आम्ही दोघी धुऱ्यावर बसून जेवलो. मला फार बरं वाटलं. गावानं ते पाहिलं. ‘रंभीची विद्या गिरजीले भेटली,’ असं माझ्याबद्दल विहिरीवर बोलणं सुरू झालं.

दिवाळीनंतर हगवणीनं दोन लेकरं गेली. पत्रूनं पुन्हा पाणी मांडलं. या वेळी माझ्या नावाचं धान तरंगलं, खुशाल. आता माझ्या हातचं पाणी कुणी पीत नाही. अजून मला कुणी हात लावला नाही, कारण सगळे तुझी वाट पाहून राहिलेत. ‘घरचं मानूस हाय, खुशाललेच ठरवू दे,’ असं ठरलंय. ठाणेदार म्हणतो, आरमोरीला भावाकडे जा. मंगली म्हणते, ‘माह्या घरी ये, बाई.’ मी गेले तर तिचंही नाव पाण्यात पडेल. मी इथंच राहणार.

भीती वाटते रे, खोटं कशाला बोलू. नागभीडच्या स्टेशनावर गाववाले हार घेऊन तुला आणायला येणार आहेत. जजसाहेबांचं खरं की जेलरसाहेबांचं, की दोघांचंही खोटं, ते तू गावात पाय ठेवशील तेव्हाच मला कळेल. म्हणून हे पत्र. आलास की सरळ आपल्या अंगणात ये आणि सगळ्या गावादेखत माझ्या हातचं पाणी पी. तुझ्याच्यानं ते होणार नसेल, तर सुटलास तरी तिकडेच राहा, बाळा.

तुझीच,
आई