सायन्सचं वेगळं असतं

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हा जे बोललो नाही, ते आज तारीखवार लिहून काढायचं ठरवलं होतं. पण तारखा नीट आठवत नाहीत, आणि चुकीच्या लिहायच्या नाहीत.

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये मॅट्रिक होऊन मी नगरला कॉलेजात गेलो, सायन्सला. आई गेल्यापासून चूल तुमच्याकडे होती. पहाटे उठून तुम्ही भाकरी थापायचात, एका बाजूला जाड, आणि डबा फडक्यात बांधून पारनेरहून येणाऱ्या एस.टी.त द्यायचात. साडेनऊला मी तो नगरच्या स्टँडवर उतरवून घ्यायचो आणि संध्याकाळच्या गाडीने रिकामा परत पाठवायचो. कंडक्टर आपल्याच गावचे. रोज विचारायचे, "काय सायंटिस्ट, लागला का शोध?"

मला कसलाच शोध लागत नव्हता. गावच्या शाळेत मी पहिल्या बाकावर बसायचो. इथे एका वर्गात शंभरावर मुलं. सर इंग्रजीत बोलतात, मी बोटं दुखेपर्यंत लिहितो, आणि खोलीवर येऊन वाचलं की माझंच लिहिलेलं मला कळत नाही. ऑगस्टमध्ये एका प्रॅक्टिकलला सगळ्यांचं काम संपलं तरी मी परीक्षानळ्या धूतच होतो. एखादा डाग राहिला तर उत्तर चुकेल, अशी भीती. तेव्हा सर माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोलले. "अरे, तू इथं शिकायला आलास की भांडी घासायला?" सगळे हसले. मीही हसलो. घरी तुम्ही भांड्यांना राख लावायचात आणि मी ती विसळायचो, ते त्यांना कुठून कळलं, असं मला उगीचच वाटलं. दुसऱ्या दिवशी फाटकापर्यंत गेलो आणि तिथूनच मागे वळलो.

नंतर मी आत गेलो नाही. पण डबा येतच होता. डबा येतो म्हणजे तुमचा मुलगा कॉलेजात आहे. गावी परतावं तर कारण सांगावं लागणार, आणि ते माझ्या तोंडून निघेना. सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाडीच्या मध्ये मी अडकून पडलो. तेवढा वेळ वाचनालयात बसून पुस्तकातले धडे वहीत उतरवायचो, समास आखून, आकृत्या काढून. कधी वही बघायला मागितलीत तर दाखवता यावी म्हणून. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं, तरीही.

दिवाळीच्या आधी एका शुक्रवारी कंडक्टर डबा हातात देता देता थांबले.

"पाटलाचं पोरगं सोमवारीच घरी आलं की. कॉलेजला सुट्टी लागली म्हनं."

सुट्टीची नोटीस फाटकाच्या आत लागली असणार.

"त्याच दिशी आबाला म्हनलं, तुमचं कसं न्हाई आलं? तर म्हनला, सायन्सचं येगळं असतंय. व्हय का रं?"

"व्हय," मी म्हणालो.

म्हणजे तुम्हाला सोमवारीच कळलं होतं. तरी मंगळवारपासून चार दिवस तुम्ही पहाटे उठलात, भाकरी थापल्यात, आणि बंद कॉलेजातल्या मुलाला डबा पाठवलात.

त्याच संध्याकाळी डबा घेऊन मीच घरी आलो. तुम्ही चुलीपुढे बसलेले. मान वर करून म्हणालात, "आलास? हातपाय धू. वांग्याचं कालवण हाय, लई तिखट झालंय." आता विचारतील, आता विचारतील म्हणून मी एकेक घास गिळत होतो. जेवण झालं, दिवाळी झाली. पिशवी भरताना तुम्ही एवढंच म्हणालात, "जायाचं ना?" मी हो म्हणालो, आणि मार्चपर्यंत तसाच जात राहिलो. परीक्षेला बसलो नाही. निकाल लागायच्या आधीच तुम्ही गेलात.

मी आता राहुरीला एका दवाखान्यात केसपेपर लिहितो. तुम्ही एकदा जरी विचारलं असतंत तरी मी सुटलो असतो, असा दोष इतकी वर्षं मी मनातल्या मनात तुम्हाला देत आलो. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहितो. तुम्ही विचारलं असतंत, तरी मी म्हणालो असतो, "अभ्यास चांगला चाललाय, आबा."