मुलींची कवायत

मेहकर, बुधवार, मार्गशीर्ष वद्य पंचमी

सरकारचा हुकूम आला आहे, मुलींच्या शाळेतही रोज कवायत हवी. मला स्वतःला धड पळता येत नाही. घरी आबांनी व्याकरण शिकवलं, गणित शिकवलं. उड्या कुठे शिकवल्या? तरी आज मुलींना अंगणात उभं केलं. हात वर, हात खाली, मग उडी. सरू सकाळी मळ्यातली भाजी बाजारात पोचवून शाळेत येते. ती म्हणाली, "बाई, हात वरते काऊन कराचे? फळीवरचं काई काढाचं हाय का?" सगळ्या हसल्या, मीही. आणि पुन्हा हात वर.

संध्याकाळी तिची आई दारात. "बाई, शनवारी पाव्हने सरूले पाहाले येनार हायेत. कोनी सांगतलं त्याइले, पोरगी चारचौघात उड्या मारते, तं? कवायत असंल तं उद्यापासून तिले धाडत नाही."

हुकूम मोठा की सरूचं शिकणं? एकीला सोडलं तर बाकीच्यांच्या आयाही येतील. न सोडावं तर सरू गेलीच. घाईघाईत म्हणाले, "ती भिंतीशी बसून नुसते कवायतीचे आकडे म्हणेल, एक, दोन."

"मंग हाव," म्हणून ती गेली.

हे बरोबर झालं का? हुकूम पाळला की मोडला? काही कळत नाही. सारखी सरूच डोळ्यांपुढे येते. बाकीच्या परकर सावरत, लाजत, कशाबशा उडत होत्या. मनापासून उडत होती ती एकटी. आणि तिलाच मी बसवलं.